एक थाप म्हणजे थांब

सन दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. लहानपणाच्या या वहीत म्हातारपणाचं साल कुठून आलं, असं वाचणारा म्हणेल. म्हणू द्या. माझं लहानपण ज्या गाडीत गेलं ती गाडी मी त्या साली पुन्हा उभी केली, तिच्यात एसी बसवला, आणि त्याच उन्हाळ्यात ते लहानपण माझ्याच हातानं संपलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आधीचं आधी आणि नंतरचं नंतर असं ओळीनं लिहायला मला जमत नाही. जिथं टोचतं तिथून लिहितो.

आमचं घर घाटनांदूरला. मी पंधरा वर्षांचा आणि सोपान, माझा भाऊ, अकराचा असताना आबांनी म्हणजे आमच्या वडलांनी कुणाची तरी वापरलेली मालट्रक आणली. पुढं नाक काढलेली, डोळे वटारल्यासारखे दोन दिवे, आणि इंजिनाचा मागचा अर्धा भाग केबिनमध्येच घुसलेला. त्यावर पत्र्याचं झाकण होतं. आई त्या झाकणाला चूल म्हणायची. खोटं नव्हतं ते. सकाळी ती ज्वारीच्या पिठाचे धपाटे फडक्यात बांधून झाकणावर ठेवायची आणि गेवराईला पोचेपर्यंत ते तव्यावरून आत्ताच काढल्यासारखे राहायचे. बरोबर लसणाचा ठेचा आणि तांब्यात दही. दह्याचं मात्र वाटेत ताक होऊन जायचं. चैत्र-वैशाखात झाकणावर ओलं पोतं टाकायचो, ते केजपर्यंत कडक वाळायचं. आबांच्या उजव्या पायाचा तळवा बाराही महिने भाजलेला असायचा. त्यावर ते एरंडेल चोळायचे आणि म्हणायचे की बैलाला खांद्यावर घट्टा पडतो तसा डायवरला तळव्यावर पडतो, त्यात रडायचं काय. डिझेल, ओलं पोतं, ठेचा आणि तापलेला पत्रा. आजही कुठं हा वास एकत्र आला तर मला भूक लागते.

मी आबांच्या शेजारी बसायचो. सोपानची जागा मागं. शिरूर कासारकडून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर न्यायचो तेव्हा बायका, पोरं, भांडी, कोंबड्या या सगळ्यांच्या पुढं, केबिनच्या पाठीला छाती लावून तो उभा राहायचा. त्याचं काम एकच, केबिनच्या टपावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. तीन म्हणजे मागं ये, मागं जागा हाय. सगळ्या डायवर लोकांची हीच भाषा, आमी काही नवी काढली नव्हती. पण सोपानची थाप वेगळी होती. मुठीच्या गाठींनी मारायचा, आवाज टणक यायचा, आणि डोळे मिटूनही मी सांगायचो की ही सोपानची. टपाचा पत्रा उघडा होता. आतून काही लावलेलं नव्हतं. आपल्याच डोक्याच्या कवटीवर कुणी टकटक करावं तसं ते ऐकू यायचं.

एकदा भरल्या गाडीत, लई घाई असताना, त्यानं एक थाप मारली. आबांनी जागच्या जागी गाडी थांबवली, खाली उतरले, मागं गेले आणि काय झालं म्हणून विचारलं. सोपाननं बांधावरच्या बोरीकडं बोट दाखवलं. बोरं पिकली होती. आबांनी त्याच्या अशी कानाखाली दिली की टोळीतल्या बायकाच कळवळल्या. मग एका म्हातारीनं उतरून पदरभर बोरं गोळा केली, आता थांबलीच हाय गाडी तर, असं म्हणत, आणि आबांनाही मूठभर दिली. ते बोरं खात पुन्हा चाकावर बसले. मी म्हणालो, आता त्यानं मारली तर थांबू नका. त्यावर आबा माझ्याकडं न बघता जे बोलले ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

"त्यानं आत्ता लगेच मारली तरी मी थांबणार, किसन. खोटी हाय म्हणून जो एकदा थांबला न्हाई, त्याला मग खरी कळत न्हाई. आधी थांबायचं. कावून मारली ते खाली उतरून इचारायचं."

पुढं आबा गेले, चाक माझ्याकडं आलं, आणि मागची जागा सोपानकडंच राहिली. वीस-बावीस वर्षं आमी दोघांनी ती गाडी चालवली. ऊस, सरकी, कांदे, आणि गोदेच्या पात्रातली वाळू. दुपारी नदीला पोचलो की गाडी पाण्याच्या कडेला लावायची, अंघोळ करायची आणि गाडीच्या सावलीत धपाटे खायचे. सोपान म्हणायचा, सुख म्हणतेत ते एवढंच असंल. मग मोठ्या गाड्या आल्या, आमी दुसऱ्यांच्या गाड्यांवर गेलो, आणि आमची गाडी घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये टायर बसून पडली. भंगारवाले किती आले. मी कुणाला हात लावू दिला नाही. माझा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, कशाला ठेवलीय, साप राहतेत तिच्यात. राहू दे म्हणालो, तुझ्यासारखे सोडून तर जात न्हाईत.

सोपानच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन हजार चोवीस साली दीड वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चांगला. घरात माणसं तीनच. तो, त्याची बायको गया आणि मी. माझी बायको आधीच गेली होती. त्या दोघांना मूल नाही. गया त्याला हुलग्याचं माडगं चमच्यानं पाजायची, कूस बदलायची, दिवसभर त्याच्याशी बोलायची, आणि तो छताकडं बघत राहायचा. हो नाही, नाही नाही. दीड वर्षं आमी समजलो की आतून माणूस गेला. मग माघातल्या एका सकाळी मी त्याला चाकाच्या खुर्चीत घालून उन्हाला नेत होतो. शेडजवळून जाताना खुर्ची गाडीच्या नाकाला लागली. त्यानं डावा हात उचलला आणि नाकाच्या पत्र्यावर मुठीनं मारलं. टण. टण.

दोन.

मी खुर्ची तिथंच सोडली आणि गयाला हाक मारली. ती पिठाच्या हातानं पळत आली. तिला सांगितलं तर खरं वाटेना. मी त्याला विचारलं, सोप्या, चल म्हणतोस का बे? त्यानं पुन्हा दोन मारल्या. कुठं, शेतात का? एक. आंबाजोगाईला का? एक. मग मी म्हणालो, नदीला? त्यानं दोन मारल्या आणि त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. गया खाली बसली आणि पिठाचे हात तोंडाला लावून रडली. त्या दिवसापासून खुर्चीच्या हाताला मी पत्र्याचा तुकडा बांधला. एक म्हणजे नको, दोन म्हणजे हो. माडगं गरम हाय का, कूस बदलू का, मीठ झालंय का, सगळं घर त्या पत्र्यावर बोलायला लागलं. गया म्हणायची, दादा, लग्नापासून एवढं कधी बोलले न्हाईत माझ्याशी.

डॉक्टरला विचारलं तर त्यानं मान हलवली. म्हणाला, हृदयात जोर उरलेला नाही, दसऱ्याची वाट बघू नका. पण उन्हात नेऊ नका, याच्या अंगाला घाम येत नाही, तापलं की खालावतोय. ते आमी बघितलंच होतं. आदल्या चैत्रात नुसत्या ओसरीवर त्याची शुद्ध गेली होती. पोरगा म्हणाला, माझी एसीची कार घेऊन येतो, काकांना तिच्यात नेऊ. मी सोपानला विचारलं. त्यानं एक मारली. पुन्हा विचारलं, पुन्हा एक. मग मी पोराला सांगितलं की आपल्या गाडीतच एसी बसवतो. तो हसला. म्हणाला, त्या डब्यात? मी फोन ठेवला. मला कुणी हसलं की माझं काम पक्कं होतं, हा माझा जुना दोष आहे.

आंबाजोगाईचा रफिक हा गाड्यांचे एसी बसवणारा. त्याला शेडमध्येच घेऊन आलो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, मामा, हिला चालू करा आधी, थंड मागून करू. दोन महिने गेले. इंजिन खोललं, पिस्टन बदलले, नाकाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, आबांच्या वेळचा तोच विटकरी रंग दिला. सोपान खुर्चीत बसून सगळं बघायचा आणि मी रंगाचा डबा दाखवला की हो-नको करायचा. मग एसीचं काम. इंजिनाच्या बाजूला लोखंडी पाट वेल्डिंग करून त्यावर कॉम्प्रेसर बसवला, त्याला पट्टा दिला. जुना डायनामो पंख्यांना पुरेना, तो काढून नवा घातला. गरम हवा टाकणारी जाळी रेडिएटरपुढं लावली तर इंजिनच तापायला लागलं, म्हणून ती टपावर नेली. रफिक तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचा पण हात सोडत नव्हता. एक दिवस गॅस भरला, पट्टा फिरला आणि डॅशबोर्डाखालच्या जाळीतून थंड हवा आली. मी त्या जाळीपुढं तळवा धरला. मला आबांचा भाजलेला पाय आठवला.

पण दुपारी एक वाजला की सगळं वाया. वरून टप तापायचा, खालून इंजिनाचं झाकण. केबिन भट्टीची भट्टीच. रफिक म्हणाला की आतून फोम लावल्याशिवाय थंडावा टिकणार नाही. टपाला, दारांना, पाठीला, झाकणाला, सगळीकडं दोन बोटं जाड फोम आणि वर रेक्झिन. आवाज पण लागत न्हाई मग, असं तो कौतुकानं म्हणाला. सोपान त्या वेळी केबिनमध्ये होता. बसायची सवय व्हावी म्हणून आमी त्याला डावीकडच्या जागेवर उशा लावून बसवलं होतं. रफिकनं फोमचा तुकडा टपाला लावून मापायला घेतला आणि सोपाननं हात वर करून शेजारच्या उघड्या पत्र्यावर मारलं.

एकच.

रफिकचा हात थांबला. "मामा, एक मारली त्यांनी."

"जुनी सवय हाय त्याची," मी म्हणालो. "तू लाव."

सोपाननं पुन्हा एक मारली, आणि मान वळवायचा प्रयत्न करून माझ्याकडं बघितलं. मला कळलं होतं. मी हे आज लिहितो, त्या दिवशी कबूल केलं नव्हतं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला पहिल्या थापेलाच कळलं होतं. पण दोन महिने खपलो होतो, वैशाख डोक्यावर आला होता, पोरगा हसला होता, आणि गाडी थंड झालीच पाहिजे हे माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. मी म्हणालो, तुझ्यासाठीच करतोय ना बे? आणि रफिकला पुन्हा सांगितलं, लाव. चार दिवसांनी केबिन आतून सोफ्यासारखी झाली. दार लावलं की बाहेरचं कुत्रं भुंकलं तरी नुसतं तोंड हलवताना दिसायचं.

निघालो त्या दिवशी गयानं पहाटे धपाटे केले, ठेचा वाटला, सोपानसाठी थर्मासमध्ये माडगं घेतलं. तिनं लग्नातली जांभळी साडी नेसली होती. डावीकडं दाराशी सोपान, मध्ये ती, आणि चाकावर मी. धपाट्यांचं फडकं मी सवयीनं झाकणावर ठेवलं. आंबाजोगाई सोडेपर्यंत केबिन गार झाली. गयानं पदर अंगाभोवती घेतला आणि म्हणाली, दादा, थंडी वाजतेय हो. आमी दोघं हसलो. सोपान बाहेर बघत होता, त्याच्या तोंडाची चांगली बाजू जरा वर गेल्यासारखी मला दिसली. केजच्या अलीकडं गयाची मान खाली पडली. दीड वर्षात ती बाई सलग दोन तास झोपली नसेल. अशी गार हवा, इंजिनाची घरघर लांबून आल्यासारखी, आणि अंगाला लागलेली गादी. मी तिला उठवलं नाही. ती झोपेत माझ्या आणि सोपानच्या मध्ये पुढं वाकली होती, तिच्यापलीकडं मला त्याचे फक्त गुडघे दिसत होते.

नेकनूरकडच्या चढाला इंजिनाच्या तापाचा काटा वर गेला. एसी बंद केला तर इंजिन वाचतं, चालू ठेवला तर भाऊ. मी चालू ठेवला आणि काट्यावर डोळा ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये ओढत राहिलो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना गाडी गिअरवरच धरली होती. जुना ब्रेक, समोर कंटेनर, पंख्याचा आवाज, आणि माझे कान तर पन्नास वर्षं इंजिनापाशी बसून आधीच गेलेले. तिथं एकदा मला काहीतरी कळल्यासारखं झालं. ऐकू आलं नाही, कळलं. उशी खाली पडावी एवढंच. मला वाटलं धपाट्यांचं फडकं सरकलं. मी डावीकडं बघितलं नाही, काट्याकडं बघितलं. मग बीड आलं. दवाखान्यांच्या पाट्या एकामागून एक गेल्या. त्या वेळी मला वाटलं, चला, गर्दी संपली, आता रस्ता मोकळा.

नदीला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. मी गाडी पूर्वीच्या जागी लावली. पूर्वीची म्हणायचं एवढंच, पाणी कुठंच नव्हतं. पात्रात खड्डेच खड्डे. ती वाळू आमच्यासारख्यांनीच नेली, तक्रार कुणाकडं करू? इंजिन बंद केलं. पंखा थांबला. गयाला जाग आली आणि ती हसत म्हणाली, आलो का हो? आणि सोपानकडं वळली.

त्याचे डोळे उघडे होते. तोंडाची चांगली बाजूही आता उतरली होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता आणि मुठीच्या गाठींवरची कातडी सोलली होती. गया त्याचे गाल चोळत होती, नाव घेत होती. मी त्याच्या बाजूच्या दाराकडं बघत होतो. रेक्झिनवर खड्डे पडले होते. चार गाठींचे चार, त्यांच्यावर पुन्हा चार, मग दाराच्या काचेपर्यंत वर, मग टपाकडं हात जेवढा पोचतो तेवढ्या उंचीवर. हलका फोम, दाबला की वर यायला वेळ लावणारा. मी मोजले नाहीत. प्रत्येक खड्डा म्हणजे थांब.

गेवराईच्या दवाखान्यात आत घेतलं. डॉक्टर तरुण होता, हळू बोलला. मेंदूतली शीर पुन्हा बंद झाली, आता डावी बाजूही गेली, श्वास चालू आहे. म्हणाला, सुरू झालं तेव्हाच, पहिल्या दोन तासांत, आणला असता तर काही करता आलं असतं. गया बाकड्यावर बसून एकच बोलत राहिली, मला झोप लागली, दादा, मला मेलीला झोप लागली. तिला मी सांगायला पाहिजे होतं की त्यानं शेडमध्येच एक मारली होती, दोनदा, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मी पाणी आणून दिलं. तिला तसंच समजू दिलं. सोपान पुढं पोळ्यापर्यंत होता, गया आजही समजते की तिच्या झोपेनं झालं, आणि ही वही तिला वाचता येत नाही. एवढं लिहिलं म्हणजे मी सुटलो असं कुणी समजू नये.

धपाटे दवाखान्याच्या आवारात सोडले. फडक्यातून हात लावून बघितलं, गार दगड. झाकणावर फोम होता ना. ते तिथल्या गाईला घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत जाऊन सोपानच्या जागेवर बसलो. दार लावलं. वाकून किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं, एसी सोडला. मग डाव्या हाताची मूठ करून दारावर एक मारली. काही नाही. जोरात मारली. हात दुखला, आवाज आला नाही. टपाला मारली, तिथंही नाही. मग खिशातला चाकू काढला आणि टपाचं रेक्झिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं, फोम मुठीमुठीनं ओढून खाली टाकला, डिंकाचे पोपडे नखांनी खरवडले. खाली तोच पत्रा होता, आबांच्या वेळचा. काच खाली केली आणि त्या पत्र्यावर मी मुठीच्या गाठींनी एक मारली.

आवारात पाण्याचा एक टँकर मागं येत होता. तो जागच्या जागी थांबला. डायवरनं दार उघडलं, खाली उतरला आणि माझ्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. पंचविशीचा असेल, गळ्यात ओला टॉवेल.

"काय झालं, बाबा?" त्यानं विचारलं. "कावून थांबवलं?"

मी हात वर केला आणि टपावर दोन थापा मारल्या.